वाटेची गाठ



आषाढी जवळ आली की आमच्या निलंगा भागात घरोघर एकच बोलणे सुरू होते. मृगाचा पाऊस झाला का, पेरणी उरकली का, आणि दिंडी कधी निघणार? मग पारावर नाही तर मारुतीच्या देवळात दिंडीची बैठक बसते. भिशी माणशी किती बसवायची, ट्रक कोणाचा सांगायचा, आचारी कोण, पाण्याचा टँकर मिळेल का, याची यादी होते. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, ताडपत्री, तंबूच्या खुंट्या, टाळांच्या दोऱ्या, औषधाची पेटी, सगळे त्या यादीत असते. आमची माणसे यादी करण्यात चुकत नाहीत. परंतु एक बाब मी पुष्कळ याद्यांत शोधली आणि ती मला सापडली नाही. ती बाब म्हणजे वाटेची गाठ.

हा शब्द आमच्या आजोबांचा. ते बार्शी लाईटच्या छोट्या गाडीने वारी करीत. ही अडीच फुटी रुळांची गाडी 1906 साली पंढरपूरला पोहोचली आणि 1911 साली लातूरपर्यंत आली. निलंग्याहून भाड्याच्या बैलगाडीने लातूर, लातूरहून कुर्डुवाडी, आणि कुर्डुवाडीला गाडी बदलून पंढरपूर, असा तो प्रवास होता. आता तेथे रुंद रूळ झाले, छोटी गाडी गेली. पण निघण्याच्या आदल्या रात्री आजी काय करीत असे ते मला अजून दिसते. आजोबांच्या उपरण्याच्या दोन टोकांना ती दोन गाठी मारीत असे. उजवीकडची देवाची गाठ. तीत विठोबापुढे ठेवायचे, तुळशीमाळेचे, बुक्क्याचे आणि चंद्रभागेच्या ओटीचे पैसे. डावीकडची वाटेची गाठ. तीत गाडीवानाचे, कुर्डुवाडीला वळकटी उचलणाऱ्या हमालाचे, नावाड्याचे आणि धर्मशाळा झाडणाऱ्या बाईचे पैसे.

आजोबांचा नेम असा होता की देवाची गाठ संपली तर संपली, पण वाटेच्या गाठीतला पैसा तिकडे वळवायचा नाही. मी लहानपणी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “देवाला कमी पडलं तर त्यो रागावत न्हाई बाळा. हमालाला कमी पडलं तर त्याच्या घरी चूल पेटत न्हाई.”

वारकरी बंधु-भगिनींनो, आजचे निरूपण या डाव्या गाठीचे आहे. आणि ते सांगण्यापूर्वी माझा स्वतःचा एक अपराध मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे. कीर्तनकाराने दुसऱ्याचे दोष सांगावेत आणि स्वतःचे झाकावेत, हे बरे नाही.

निलंग्यापासून थोड्या अंतरावरच्या एका गावी दरवर्षी हरिनाम सप्ताह असतो. त्यातली एक सेवा माझ्याकडे असते. गावकरी जीप पाठवतात, मी जातो, कीर्तन करतो, रात्री परत येतो. त्या वर्षी मी निरूपणात पैठणच्या नाथांच्या घरची कथा घेतली होती. साक्षात भगवान श्रीखंड्या नावाचा गडी होऊन नाथांच्या वाड्यात राहिले आणि बारा वर्षे कावडीने पाणी भरत राहिले, ती कथा. रंग चांगला चढला. बाया-माणसांनी डोळे पुसले. मीही सांगता सांगता सद्गदित झालो. “देव आपल्या घरी गडी होऊन राबत असेल आणि आपण त्याला ओळखणार नाही!” असे मी दोन्ही हात उंचावून सांगितले. आरती झाली. पंगत बसली. मला पाटावर बसवून वाढले. शाल दिली, श्रीफळ दिले, पाकिटात बिदागी दिली. पाया पडायला रांग लागली. रात्रीचा एक वाजला.

जीप निघाली. अर्ध्या वाटेवर मी सहज विचारले, “जेवलास ना रे?”

ड्रायव्हर म्हणाला, “न्हाई महाराज.”

“का?”

“गाडीपाशी कुनीतरी पायजे की. आन् बोलावल्याबिगर पंगतीत कसं बसावं?”

दुपारी चारला हा माणूस मला न्यायला आला होता. रात्रीचा एक वाजेपर्यंत तो त्या जीपमध्ये बसून होता, आणि कर्ण्यावरून माझे कीर्तन ऐकत होता. श्रीखंड्याची कथा त्याने उपाशी पोटी ऐकली. मी पिशवीतला प्रसाद काढून दिला. रस्त्याकडेला जीप उभी करून त्याने तो उभ्यानेच खाल्ला आणि बाटलीतले पाणी प्याला. मी पाकिटातून काही नोटा काढून पुढे केल्या, तर त्याने हात मागे घेतला. म्हणाला, “तुमची बिदागी हाय ती. मला मालक देत्यात की पगार.” मी फार आग्रह केला, तेव्हा त्याने त्या घेतल्या. मग मी त्याला नाव विचारले. सज्जनहो, लाजेची गोष्ट ही की तो तीन वर्षे मला नेत-आणत होता. तीन वर्षांत मी त्याला “ए ड्रायव्हर” यापलीकडे हाक मारली नव्हती.

गावकऱ्यांचा दोष मी काढीत नाही. सप्ताहाच्या धांदलीत कोणाचे लक्ष राहिले नाही. पण मी तर त्याच्या शेजारी बसून गेलो होतो! पाटावर बसताना मला “माझ्याबरोबरचा माणूस कोठे आहे?” एवढे विचारता आले असते. ते मी विचारले नाही. देव गडी होऊन आला तर आपण ओळखणार नाही असे मी लोकांना सांगत होतो, आणि त्याच वेळी देवळाबाहेर एक माणूस अंधारात बसला होता. त्या रात्री घरी आल्यावर मला झोप लागली नाही, आणि आजोबांच्या उपरण्याचे डावे टोक आठवले.

आता मूळ विषयाकडे येतो. प्रवासात आपण किती हातांवर जातो याचा हिशेब एकदा करून पाहा. आषाढीला पंढरपुरात दहा लाखांहून अधिक माणूस लोटते. 2011 च्या जनगणनेत ज्या गावची वस्ती जेमतेम एक लाख भरली, त्या गावात! एवढ्या माणसांचे पाणी कोण भरते? त्यांची घाण कोण काढते? रात्रभर एस. टी. कोण हाकते, फलाटावर कोण उभा राहतो, नाव कोण वल्हवते, चपला कोण राखते, भांडी कोण घासते? आपण मुखाने नाम घेत पुढे जातो, आणि आपल्यामागे एक दुसरी वारी चाललेली असते. तिच्या हातात पताका नसते. झाडू, वल्हे, पळी आणि तिकिटाचे यंत्र हीच तिची टाळ-मृदंगे. एकादशीला आपल्याला उपवास असतो, त्या माणसांना कित्येकदा द्वादशीलाही पारणे फेडायला सवड होत नाही.

आपला देव कसा आहे ते पाहा. पुष्कळ देव आसनावर बसलेले असतात, कोणी शेषावर पहुडलेला असतो. आपला पांडुरंग उभा आहे. भक्त पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. त्याने वीट फेकली, आणि देव त्या विटेवर थांबला. सेवा चालली आहे, ती मोडायची नाही, एवढे देवाने जाणले. आणि आम्ही? पंगतीत वाढणारा दोन क्षण उशिरा आला तर आवाज चढवतो. हमालाने ओझे टेकवून श्वास घेतला तर “चल की लवकर” म्हणतो. जगात उभे कोण राहते? वाढपी उभा असतो, वाहक उभा असतो, राखणदार उभा असतो. बसणारा वेगळा आणि उभा राहणारा वेगळा. आमचा देव उभा राहणाऱ्यांच्या बाजूचा आहे, ही गोष्ट वारकऱ्याने विसरता कामा नये.

आमच्या भागाला तर याची एक जवळची खूण आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे उघडून भुकेल्यांना धान्य दिले. बेदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणवले. तेव्हा विठ्ठल विठू महार झाला, खांद्यावर घोंगडी घेतली, हाती काठी धरली, आणि धान्याची किंमत बेदरच्या दरबारात भरून रसीद घेऊन गेला, अशी कथा आपण सर्वजण सांगतो. बेदर आम्हां निलंगेकरांना काही दूर नाही. कथेतला तो विठू पायी आला असेल तर आमच्याच मुलखातून गेला असेल. कोण्या पाटलाच्या ओसरीबाहेर बसून त्याने पाणी मागितले असेल. त्याला कोणी “बस बाबा” म्हटले असेल का? मी ही कथा सांगताना आता येथे थोडा थांबतो.

आणि चोखोबा! महाद्वारात नामदेवांच्या पायरीसमोर त्यांची समाधी आहे. तिला हात लावून आपण पुढे जातो. पण चोखोबांचा अंत कसा झाला? मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालले होते. त्या कामावर त्यांना राबवले, कूस कोसळले, आणि त्याखाली सापडून इतर मजुरांबरोबर ते गेले. ज्या कामाला दाम नाही त्या कामाला आपल्याकडे वेठ म्हणत. निजामाच्या राज्यात आमच्या वाडवडिलांनी वेठबिगार डोळ्यांनी पाहिली. भारताच्या राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने तिला मनाई केली. कायद्याने वेठ गेली, पण मनातून गेली का? ठरवलेली हमाली देताना दहा रुपये कापून घेणारा वारकरी त्या दहा रुपयांपुरती वेठच घेतो. आणि तो जातो कोठे? वेठीत मेलेल्या संताच्या समाधीला नमस्कार करायला.

म्हणून पहिला सिद्धांत असा: आधी मजुरी पुरी, मग वरची खुशी. वरची खुशी हे मजुरीतल्या कपातीवरचे पांघरूण नव्हे. एका भाविकाचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याच्याकडून मी तिकडची रीत समजून घेतली. तेथे खानावळीत वाढणाऱ्याला गिऱ्हाइकाने वर बक्षीस द्यायचेच असते. याचे कारण असे की बक्षीस मिळणाऱ्या नोकरांना मालकाने ताशी 2 डॉलर 13 सेंट दिले तरी तिथल्या केंद्रीय कायद्याला चालते, बाकीचे बक्षिसातून भरून निघावे. हा आकडा 1991 पासून बदललेला नाही. उलट जपानात वर पैसे ठेवले तर वाढपी ते परत करायला मागे धावत येतो, कारण चांगले काम करणे हे त्याच्या मजुरीतच आले, असे तो मानतो. या दोहोंतून आपण एवढेच घ्यावे की माणसाचे पोट दुसऱ्याच्या लहरीवर टांगून ठेवू नये, आणि देताना त्याचा मान मोडू नये. आपल्या महाराष्ट्रात हमालांसाठी 1969 साली माथाडी कायदा झाला, तो याच विचाराने. ओझे वाहणाऱ्याला दर ठरलेला असावा, तो त्याच्या हक्काचा असावा.

आता कोणी विचारील, महाराज, मग प्रत्येकाच्या हातावर पैसे ठेवीत सुटायचे का? नाही. येथे विवेक हवा. वाटेवर तीन प्रकारची माणसे भेटतात.

पहिली सेवा करणारी. वारीच्या वाटेवर गावोगाव भाकरी-पिठले घेऊन लोक उभे असतात. कोणी फुकट दाढी करतो, कोणी चपला शिवतो, डॉक्टर पायाचे फोड बांधतात. हे सर्व ते पांडुरंगाला अर्पण म्हणून करतात. तेथे पैसा काढणे म्हणजे त्यांच्या सेवेला किंमत लावणे. तेथे हात जोडावे, पत्रावळ आपल्या हाताने उचलावी, आणि पुढच्या मुक्कामी आपण कोणाचे तरी पाय चेपावे. सेवेची फेड सेवेने.

दुसरी पगारी नोकर माणसे. एस. टी.चा चालक, वाहक, दवाखान्यातली परिचारिका, बंदोबस्ताचा पोलीस. यांना पैसा देणे योग्य नव्हे. ते नियमात बसत नाही, आणि त्यातून वाईट खोड लागते. पण त्यांना देण्यासारखे आपल्याजवळ पुष्कळ आहे. 2022 पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना एस. टी.चा प्रवास मोफत झाला, आणि 2023 पासून बायाबापड्यांना अर्धे तिकीट झाले. फार चांगले झाले. परंतु त्या भरगच्च गाडीत सवलतीची कार्डे पाहून तिकीट फाडणारा वाहक एकटाच आहे. त्याला कार्ड आधी काढून द्यावे, सुटे पैसे द्यावेत, पाण्याची बाटली पुढे करावी. चालकाने रात्रभर जागून सुखरूप आणले तर उतरताना “राम कृष्ण हरी माउली, चांगलं आणलंत” एवढे म्हणावे. आणि मुद्दाम सांगतो, चांगल्या वागणुकीचे चार ओळींचे पत्र आगारात द्यावे. तक्रारीची पत्रे सगळेच लिहितात.

तिसरी मोलाने राबणारी. हमाल, रिक्षावाला, नावाडी, आचाऱ्याच्या हाताखालची पोरे, तंबू ठोकणारी माणसे, भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर, लॉजवर खोली झाडणारी बाई, शौचालय धुणारा. येथे वाटेची गाठ सोडायची. ठरले ते पुरे द्यावे आणि वर आपल्या ऐपतीप्रमाणे खुशीने द्यावे.

यावर काही शंका निघतात.

पहिली शंका: वर पैसे देणे आणि लाच देणे यात फरक काय? दोन्हींना लोक “चहापाणी” म्हणतात! फरक सोपा आहे. काम होण्याआधी, झाकून, दुसऱ्याची पाळी मोडण्यासाठी दिले ती लाच. काम झाल्यावर, उघड, कोणाचाही हक्क न मोडता दिले ती खुशी. दर्शनबारीत आठ-दहा तास उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांच्या पुढे घुसण्यासाठी कोणाच्या हातावर नोट ठेवणारा माणूस गाभाऱ्यापर्यंत पोचेल. तो पांडुरंगापर्यंत पोचला असे मी म्हणणार नाही. ज्याची पाळी त्याने मोडली, त्याच्यापाशी पांडुरंग मागे राहिला.

दुसरी शंका: हे लोक त्या पैशाची दारू पितात, मग द्यावे कशाला? मी उलट विचारतो. कीर्तनकाराच्या हाती बिदागीचे पाकीट देताना आजवर कोणी विचारले आहे काय, की महाराज, या पैशाचे तुम्ही काय करणार? शाल-श्रीफळ घेणाऱ्यावर विश्वास आणि झाडू घेणाऱ्यावर संशय, हा कोठला न्याय? व्यसनाविरुद्ध बोलावे, जरूर बोलावे, माळ घाल म्हणून प्रेमाने सांगावे. पण त्याच्या कष्टाचे अडकवून ठेवून उपदेश करू नये.

तिसरी शंका खरी आहे, आणि ती विचारणारी आमच्या दिंडीतली एक म्हातारी माय आहे. ती म्हणाली, “महाराज, म्या सोयाबीन काढून, लोकाच्या रानात खुरपून भिशी भरतेव. माझ्यापाशी वरचं द्यायला काय हाय?” माय, तुझ्याकडून देव पैसा मागत नाही. सुदाम्याच्या फडक्यात मूठभर पोहेच होते. परंतु ऐक. तू मुक्कामाच्या जागी घाण केली नाहीस, तर झाडणाऱ्या बाईची एक वाकणूक वाचते. उष्टी पत्रावळ जागच्या जागी टाकलीस, तर तिचा एक फेरा वाचतो. चंद्रभागेत फुले, चिंध्या, पिशव्या सोडल्या नाहीस, तर नदीत उतरणाऱ्याचे पाय वाचतात. हे पैशाहून कमी नाही. असे किती श्रीमंत मी पाहिले आहेत की शंभराची नोट देतात आणि दोनशेची घाण करतात!

येथे एक कठोर गोष्ट सांगितली पाहिजे. पंढरपुरात वारीच्या दिवसांत माणसाला माणसाचा मैला हाताने उचलावा लागे. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. 2013 साली देशात कायदा झाला, की कोणाकडून हे काम हाताने करवून घेणे गुन्हा आहे. तेव्हापासून वाटेवर आणि पंढरीत फिरती शौचालये पुष्कळ वाढली. ती वापरा. आडोसा पाहून बसू नका. “देतो की वर पन्नास, तेवढे उचलून टाक” असे कोणाला म्हणू नका. अशा पन्नास रुपयांना खुशी म्हणत नाहीत. वाळवंटात आपण ज्याला “माउली” म्हणून आलिंगन देतो, त्याच वाळवंटात कोणा माउलीला आपली विष्ठा उचलायला लावली, तर ते आलिंगन खोटे ठरते.

गाडगेबाबांचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. 1956 साली ते गेले. त्यांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या. ज्यांना बाकीच्या धर्मशाळांत कोणी उभे करीत नव्हते त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. आणि स्वतः मात्र देवळात न जाता खराटा घेऊन बाहेरची वाट झाडीत राहिले. फुकट भाकरी त्यांना चालत नसे. आधी काही काम करीत, मग भाकरी घेत. लोक म्हणतात बाबांनी स्वच्छता शिकवली. मला वाटते त्यांनी त्याहून मोठी गोष्ट शिकवली. खराटा धरलेला हात पाया पडण्यासारखा असतो, हे त्यांनी डोळ्यांना दाखवले. आज त्यांच्या पुतळ्याला हार घालणारे आपण सगळे आहोत. तसाच खराटा घेऊन पहाटे तीनला महाद्वार रस्ता झाडणारीचे नाव किती जणांना माहीत आहे?

म्हणून द्यायचे कसे तेही सांगतो. दुरून टाकू नये, हातात द्यावे. नाणे असो की नोट, उजव्या हाताने द्यावे आणि डोळ्यांकडे पाहावे. नाव विचारावे. वयाने मोठा असेल तर मामा म्हणावे, मावशी म्हणावे, अहो-जाहो करावे. जेवणाची वेळ असेल तर आधी जेवायला बोलवावे, कारण भुकेल्याला पैसा नंतर कळतो. चारचौघांत दिल्याचा गाजावाजा करू नये, त्याचा फोटो तर मुळीच काढू नये. आणि आपण दिले म्हणून त्याने वाकावे अशी अपेक्षा ठेवू नये. वारकरी संप्रदायात एक फार सुंदर रीत आहे. एक पाया पडला की दुसरा लगेच त्याच्या पाया पडतो. देणारा-घेणारा कोण हे त्यात उरत नाही. ती रीत वाटेवरही चालवावी.

आता एक अडचण नवी आहे. तरुण मंडळी फोनवरून पैसे देतात, खिशात सुटे ठेवीत नाहीत. चहावाल्याकडे फोनचा फलक असतो, पण शौचालय धुणाऱ्या म्हाताऱ्याकडे तो नसतो. मग “सुटे नाहीत मामा” म्हणून आपण पुढे जातो, आणि मनाला वाटते की आपला काही दोष नाही. निघण्यापूर्वी दहा-वीसच्या नोटा मोडून एका वेगळ्या पिशवीत ठेवल्या की ही अडचण उरत नाही.

दिंडीवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदा भिशी ठरवताना यादीच्या शेवटी एक ओळ वाढवा: “वाटेची गाठ”. माणशी दहा रुपये बसवा, वीस बसवा, जे झेपेल ते. तो पैसा विणेकऱ्याच्या किंवा एखाद्या जाणत्या मायमाउलीच्या हाती द्या. ट्रकचा ड्रायव्हर, टँकरवाला, आचाऱ्याची पोरे, तंबूची माणसे यांना द्वादशीच्या दिवशी पंगतीत आपल्या शेजारी बसवा, आपण वाढा, आणि मग सर्वांच्या देखत त्यांना ती बिदागी द्या. जशी आम्हां कीर्तनकारांना देता तशीच, श्रीफळासह. सप्ताहवाल्यांनाही सांगणे आहे. कर्णा लावणारा आणि गाडी आणणारा जेवला का, हे विचारण्यासाठी एक माणूस नेमून द्या. आणि कीर्तनकार मंडळींनो, आपण पाटावर बसण्यापूर्वी ते विचारू या. मी आता विचारल्याशिवाय बसत नाही. त्या जीपवाल्या मामांनी त्या रात्री मला एवढे शिकवले, आणि त्यांची बिदागी मी अजून पुरती फेडलेली नाही.

काल्याच्या दिवशी आपण काय करतो? ज्याने जे आणले ते एका ठिकाणी कालवतो. कोणाच्या लाह्या, कोणाचे दही, कोणाचे पोहे. मग कोणाचे काय हे ओळखू येत नाही, आणि सगळे मिळून खातात. आपल्या वारीचाही असाच काला आहे. तीत तुमची वाटचाल आहे, मृदंगवाल्याचा ताल आहे, आणि चालकाचे जागरण, हमालाचे खांदे, झाडणारीचे हातही त्यात कालवलेले आहेत. त्यांचे तेवढे घेऊन त्यांना पंगतीतून वगळले तर तो काला कसला?

तर माउलींनो, उद्या-परवा गाठोडी बांधाल तेव्हा दोन गाठी मारा. उजवीकडची सोडताना पांडुरंग समोर असेल. डावीकडची सोडतानाही पांडुरंगच समोर असेल. फक्त तेथे त्याच्या अंगावर पीतांबर नसेल, घामाने भिजलेला सदरा असेल. तेवढे ओळखता आले म्हणजे वारी पावली.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.